काचेच्या शेगडीला नमस्कार

आपल्याकडे घरात नवी वस्तू आली की तिचा पहिला उपयोग पाहुण्यांना होतो. घरच्यांची पाळी मागून येते, आणि तीही बहुधा ती वस्तू पुसण्याची. बोरीवली पूर्वेला जयवंत परबांच्या घरी मस्कतहून काचेची विजेची शेगडी आली, तिचंही असंच झालं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. परबांच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्क होतं आणि कधीकधी पार्कातली मंडळीच भिंतीअलीकडे येत. वॉचमनने बिबळ्या पाहिला असं तो सांगे. पण त्या वर्षी सोसायटीत बिबळ्यापेक्षा परबांच्या शेगडीची चर्चा जास्त होती.

जयवंत पाच वर्षं मस्कतला सुपरवायझर होता. तिथला एक जर्मन इंजिनियर देश सोडून निघाला, त्याने घरातलं सामान विकायला काढलं, आणि जयवंतने त्यातून ही शेगडी उचलली. वर काळी गुळगुळीत काच, तिच्यावर दोन पांढरी वर्तुळं, पुढे दोन बटणं आणि कोपऱ्यात मण्याएवढा एक लाल दिवा. ती वापरायची कशी हे सांगणारी पुस्तिका त्या जर्मनाच्या बायकोने आधीच कुठेतरी हरवली होती. जयवंतला तिची उणीव भासली नाही. मस्कतला तो मेसमध्ये जेवत असे, शेगडीशी त्याची ओळख फक्त विमानतळावरच्या कस्टमपुरती होती.

पहिले काही महिने शेगडी हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला, सुगंधाने विणलेल्या रुमालाखाली बसली. सुगंधा म्हणजे जयवंतची बायको, टेलिफोन खात्यात नोकरीला. पाहुणे आले की जयवंत रुमाल उचलायचा, खास बसवून घेतलेल्या मोठ्या प्लगात वायर खोचायचा आणि बटण फिरवायचा. काचेच्या पोटात तारा लालबुंद व्हायच्या. पाहुणे "अरेच्चा!" म्हणायचे. मग तो लाल वर्तुळाच्या बाजूला, कोऱ्या काचेवर, आपला पंजा ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा! इथे आग आणि इथे गारेगार!" चहा मात्र आत गॅसवर होत असे.

आत गॅसपाशी असायच्या जयवंतच्या आई, शेवंतीबाई. कुडाळकडच्या. त्यांचे यजमान काशीराम परब गिरणीत माग चालवायचे तेव्हा त्या लालबागच्या खोलीत आल्या, गिरणी बंद पडली, काशीराम गेले, आणि मुलाबरोबर त्या बोरीवलीला आल्या. आयुष्यात त्यांनी विस्तव बरेच पाहिले. गावची चूल, लालबागचा रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. विस्तव बदलले तरी एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. रांधून झालं, जाळ शांत झाला की त्या उजव्या हाताने चुलीला स्पर्श करायच्या, तो हात डोळ्यांना लावायच्या आणि हळूच म्हणायच्या, "पोटाक घातलंस, आता नीज."

आणि त्यांच्या त्याच उजव्या हाताची तांदळाची भाकरी! परातीत ती फिरताना बघावी. थापट्यांच्या आवाजावरून शेजारी ओळखायचे की आज परबांकडे मासे आहेत.

एकदा गॅस संपला. नंबर लावला होता, पण त्या काळी गॅसचा सिलिंडर आणि लग्नाळू मुलीला बरं स्थळ, दोन्ही आपल्या मर्जीने यायचे. जयवंतला आनंद झाला. शेगडीवरचा रुमाल निघाला, शेगडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली आणि जयवंतने फर्मान काढलं, "आई, आता बघ कसं झकास काम होतं!"

काम झकास काही झालं नाही. शेवंतीबाईंनी गोल बुडाची कढई ठेवली, ती काचेवर डुलत बसली. मध्ये तेल जळालं आणि कडेचे कांदे कच्चे राहिले.

"तुला नाही जमत," जयवंत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेवंतीबाईंनी माळ्यावरून सपाट बुडाचा टोप काढला. भात बरा झाला. तो उतरवून, बटण बंद करून त्या शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या.

"रे जयवंता, हो दिवो कसलो? मी बटान बंद केलंय तरी पेटलेलोच रवता."

"असतो तसा."

"तसो म्हणजे कसो? राखेखाली इंगळो रवता, तसो काचेखाली काय रवता की काय?"

खरं सांगायचं तर जयवंतला ठाऊक नव्हतं. पण पाच वर्षं परदेशात राहून आलेल्या माणसाला आईसमोर 'माहीत नाही' हे दोन शब्द उच्चारणं फार जड जातं. त्यापेक्षा हसणं सोपं. तो हसला.

"आई, इंगळो गेलो कुडाळाक! ही जर्मन शेगडी आहे. बटण बंद केलं की खलास. तो दिवा जळतोय म्हणजे वीज खातोय उगाच. काम झालं की भिंतीवरचं बटणही बंद करत जा, कळलं?"

त्याने भिंतीवरचं बटण टक् करून खाली केलं. दिवा विझला. म्हणजे आपण म्हटलं ते बरोबरच, अशी जयवंतची खात्री पटली.

संध्याकाळी जो येईल त्याला तो हे सांगत होता. "आमची आई विचारते, काचेखाली इंगळो रवता काय!" सगळे हसले. सुगंधाही हसली. शेवंतीबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यानंतर त्यांनी शेगडीबद्दल काही विचारलं नाही.

रविवारी जयवंतच्या अंधेरीच्या कंपनीतले गुप्ते साहेब बायकोला घेऊन आले. चंद्रप्रकाश गुप्ते माणूस भला, पण साहेब. त्यांच्यासाठी शेवंतीबाईंनी शिरा केला. तो होत आला तसा जयवंतने दोघांना स्वयंपाकघराच्या दाराशी आणून उभं केलं. टोप उतरला. जयवंतने बटण फिरवलं. लाल वर्तुळ बघता बघता काळं झालं. मग भिंतीवरचं बटण, टक्. कोपऱ्यातला दिवाही गेला.

"संपलं, साहेब. ना निखारा, ना राख!" त्याने नेहमीच्या सवयीने बाजूच्या कोऱ्या काचेवर पंजा ठेवला. "गारेगार!"

"कमाल आहे बुवा!" गुप्ते म्हणाले.

शेवंतीबाई पुढे झाल्या. त्यांनी दोन बोटं शेगडीच्या अगदी कडेला, धातूच्या पट्टीला टेकवली.

"हे काय?" गुप्तेबाईंनी विचारलं.

"नमस्कार करते शेगडीला," जयवंत म्हणाला. आपल्या साहेबांपुढे आपली आई शेगडीला नमस्कार करते याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की तो विनोद करायचा. "अगं आई, कडेला काय चोरासारखी बोटं लावतेस? करायचा तर नीट कर. मध्ये ठेव हात. काच आहे ती, चावत नाही!"

सगळे हसले. जयवंत पाहुण्यांना टेपरेकॉर्डर दाखवायला हॉलकडे वळला. पाठीमागे 'चर्र' असा आवाज आला. ओलं फडकं पडलं असेल, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने शेवंतीबाई शिऱ्याच्या बश्या घेऊन एकेक करत बाहेर आल्या. उजवा हात पदराखाली होता. बशी त्यांनी साहेबांपुढे धरली ती डाव्या हाताने.

"आई!" जयवंत खेकसला. "डाव्या हाताने? पाहुण्यांना?"

आता आपल्याकडे माणूस डाव्या मार्गाने पैसे खातो ते चालतं, डाव्या हाताने वाढलेलं चालत नाही. शेवंतीबाईंनी बशी टेबलावर ठेवली.

"चुकलंय रे बाबा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. उरलेलं सुगंधाने वाढलं.

"वय झालं आता तिचं," जयवंत साहेबांना म्हणाला.

त्या दिवसापासून शेवंतीबाईंच्या उजव्या हाताला फडकं दिसू लागलं. सुगंधाने विचारलं तर म्हणाल्या, "तव्याचो चटको लागलो. हळद लावलंय." सुगंधाने बर्नोलची ट्यूब दिली, आणि कामावर जायला उशीर होत होता म्हणून गेली. शेवंतीबाईंना साखरेचा आजार होता, रोजची गोळी होती. ही गोष्ट घरात सर्वांना माहीत होती, म्हणजे कुणाच्याच लक्षात नव्हती.

भाकऱ्या बंद झाल्या. "आजपण पोळीच?" जयवंतने ताटावर बसून विचारलं. "आई, तुझ्या हाताला झालंय तरी काय?"

"काय नाय. जेव तू."

तो जेवला.

पुढे काय झालं ते खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंमुळे कळलं, नाहीतर कदाचित फारच उशीर झाला असता. कुंदाताई दिघे शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवायच्या थांबल्या नव्हत्या. भाजीवाल्यालाही तराजूचा नियम सांगायच्या. दुपारी त्या वाटीभर कोकमाची सोलं मागायला वर आल्या. शेवंतीबाईंनी वाटी डाव्या हाताने दिली. कुंदाताईंनी वाटी ओट्यावर ठेवली आणि उजव्या हाताचं फडकं सोडलं. वास आला. शेवंतीबाईंचं अंग तापाने भाजत होतं. कुंदाताईंनी लगेच त्यांच्या पायांत चपला सरकवल्या आणि खाली जाऊन रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलात डॉक्टर धावत आलेल्या जयवंतला म्हणाले, भाजलेलं आत मुरलंय, साखर वाढलीय, आधी का नाही आणलं? शेवंतीबाईंची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. तळवा आखडला. उरलेली बोटं हलत होती, पण परातीत भाकरी फिरवणारा तो हात परत येणार नव्हता.

"तवा इतका भाजतो?" जयवंत कॉरिडॉरमध्ये कुंदाताईंना म्हणाला.

शेवंतीबाईंनी कुंदाताईंना खाटेवरून सगळं सांगितलं होतं आणि हात धरून विनवलं होतं, "झिलाक, जयवंताक, सांगू नको गो. साहेबांसमोर त्याची शेगडी दाखवूची होती. तेका वाईट वाटात." कुंदाताईंनी मान हलवली होती. शब्द दिला नव्हता.

"घरी चल," त्या म्हणाल्या. "मला तुझी शेगडी बघायचीय."

घरी त्यांनी शेगडीवर टोपभर पाणी उकळायला लावलं. मग टोप उतरवला आणि जयवंतला म्हणाल्या, "बंद कर."

त्याने बटण फिरवलं. लाली गेली. कोपऱ्यातला दिवा मात्र जळत राहिला. सवयीने त्याचा हात भिंतीकडे गेला.

"थांब! भिंतीवरच्या बटणाला हात लावू नकोस. आता त्या वर्तुळावर पाणी शिंपड. थेंबभर."

जयवंतने नळाखाली बोटं भिजवून थेंब टाकला.

चर्र!

जयवंत जागच्या जागी उभा राहिला. हा आवाज त्याने ऐकला होता! याच दाराशी, याच शेगडीवर, पाठ वळवताना! ओलं फडकं नव्हतं ते!

"अजून टाक," कुंदाताई म्हणाल्या.

त्याने टाकला. काच काळी, शांत, गार दिसत होती, आणि थेंब उकळून उडून जात होता. कुंदाताईंनी स्टूल ओढून घेतलं आणि दोघं वाट बघत राहिले. थेंब उडायचे थांबले, नुसते तापू लागले, मग काचेवर तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातला दिवा आपोआप विझला.

"कळलं, तो दिवा कसला ते?" कुंदाताई म्हणाल्या. "काच तापलेली आहे, हात लावू नका, एवढंच तो सांगतो. लाली जाते, धग राहते. शेगडी बनवणाऱ्याला ते ठाऊक होतं म्हणून त्याने दिवा लावला. तू भिंतीवरचं बटण बंद करून तो विझवलास."

"तिने मला विचारलं होतं," जयवंत म्हणाला. "काचेखाली इंगळो रवता काय, असं विचारलं होतं."

"आणि तू काय केलंस?"

जयवंतने एकदम शेगडी दोन्ही हातांनी धरली, वायर खेचली. "फेकून देतो ही! आत्ता! गॅलरीतून!"

"ठेव खाली!" कुंदाताई वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या. "तिने काय गुन्हा केला? या घरात खरं बोलणारी तीच एक होती. आणि दुसरी तुझी आई. तू दोघींना गप्प केलंस. आता शेगडी फेकशील आणि सगळ्यांना सांगशील, वस्तूच वाईट होती. सोपं आहे ते."

"मला माहीत नव्हतं हो, ताई."

"माहीत नसणं हा काय गुन्हा आहे? मलाही माहीत नव्हतं, आत्ता पाणी टाकून बघितलं. एक थेंब पाणी लागलं रे, जयवंता! पण 'माहीत नाही, चल, बघू' असं तू म्हणाला नाहीस. जिला रोज त्या विस्तवाशी काम करायचं तिला सोडून तू साऱ्या बोरीवलीला शेगडी समजावलीस. आणि तिने विचारलं तर हसलास. तुझ्या हसण्याला भिऊन त्या बाईने कुजता हात पदराखाली लपवला. शेगडीचा चटका हाताला लागला. हा दुसरा कुठे लागला, ते तू शोध."

जयवंत ओट्याला टेकून खाली बसला. त्याला बशी आठवली. साहेबांपुढे धरलेली शिऱ्याची बशी, आणि आपला खेकसलेला आवाज. 'डाव्या हाताने? पाहुण्यांना?' तळहात जळत असताना ती म्हणाली होती, चुकलंय रे बाबा. मग तो रडला. सुगंधा कामावरून आली तेव्हा तो तसाच बसला होता आणि शेगडीवरचे थेंब सुकून गेले होते.

शेवंतीबाई घरी आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबल्या. ओट्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

"आता हयसर माझो काय उपेग?"

"आई," जयवंत म्हणाला, "तू विचारलं होतंस दिवा कसला. मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून मी हसलो."

मग त्याने त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं करून दाखवलं. पाणी उकळलं, बटण बंद केलं, थेंब टाकला. शेवंतीबाई लक्ष देऊन बघत होत्या. शेवटी दिवा आपोआप विझला.

"म्हणजे इंगळो होतोच," त्या म्हणाल्या.

"होता, आई."

"मगे तेव्हाच सांगूचा होता, माका ठावक नाय म्हणान. मी काय तुका मारलंय असतंय?"

एवढंच म्हणाल्या. याहून जास्त बोलल्या असत्या तर जयवंतला बरं वाटलं असतं.

शेगडी राहिली. गॅस आला तरी राहिली. शेवंतीबाई स्टुलावर बसून सांगायच्या आणि जयवंत नाहीतर सुगंधा करायची. गोल कढई गॅसवर गेली, सपाट बुडाचे टोप शेगडीपाशी आले. बूड कोरडं पुसल्याशिवाय भांडं ठेवायचं नाही. ठेवलेलं भांडं ओढायचं नाही, उचलायचं. काच निवल्याशिवाय ओलं फडकं लावायचं नाही. आणि भात शिजत आला की बटण आधीच बंद करायचं, उरलेल्या धगीवर तो आपला आपण मुरतो, हा शोध शेवंतीबाईंचाच. "चुलीतली लाकडा मागे ओढतंत ना, तसा," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या बटणाला दिवा विझेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला. भाकरी सुगंधा शिकली. ती जाडी होते. तसं कुणी म्हणत नाही.

गणपतीत जयवंतने गुप्ते साहेबांना मुद्दाम जेवायला बोलावलं. सुगंधा पानं वाढायला उठली, तिला त्याने थांबवलं. "आई, तू वाढ."

शेवंतीबाई घाबरल्या. उजव्या हातात डाव धरवत नव्हता. "रे, साहेब असत... डाव्या हातान?"

"डाव्या हाताने," जयवंत म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी आपलं पान पुढे केलं. मग गुप्त्यांकडे वळून, मागच्या वेळी त्या शिऱ्याच्या बशीमागे काय होतं ते त्याने सांगितलं, आपण काय म्हणालो होतो तेसुद्धा. चारचौघांत हसलो होतो, तर चारचौघांतच सांगायला हवं, असं त्याला वाटत होतं. गुप्ते साहेब खाली मान घालून ऐकत होते, कारण त्या दिवशी तेही हसले होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी पान पुढे धरलं. "वाढा, आई."

शेवंतीबाईंनी डाव्या हाताने वरण वाढलं. थोडं पानाबाहेर सांडलं. कुणी पुसलं नाही.

मंडळी, तुमच्याआमच्या घरातही काहीतरी नवं येतंच. मिक्सर येतो, गीझर येतो, उद्या आणखी कायकाय येईल. ते आणणारा एक असतो आणि वापरणारी दुसरीच असते. आणणाऱ्याने पाहुण्यांच्या आधी तिला ते समजावून द्यावं. स्वतःला ठाऊक नसेल तर तसं म्हणावं, त्याने कुणाची उंची कमी होत नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस काही विचारील तेव्हा हसू नये. त्यांनी आयुष्यभर विस्तव सांभाळलेला असतो, प्रश्न उगाच येत नाही. काचेचा चटका दिसतो, त्याला मलम आहे. हसण्याचा दिसत नाही, म्हणून माणसं तो पदराखाली लपवतात.

जेवणं झाली, पाहुणे गेले. शेवंतीबाई ओट्यापाशी आल्या आणि कोपऱ्यातल्या लाल दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या. जयवंतही शेजारी येऊन उभा राहिला. दिवा विझला तरी तो थांबला, त्याने आधी आपला तळवा काचेवर मधोमध टेकवला आणि मग आईकडे बघून मान हलवली. शेवंतीबाईंनी उजव्या हाताची उरलेली तीन बोटं काचेवर ठेवली आणि डोळ्यांना लावली.

"पोटाक घातलंस," त्या म्हणाल्या. "आता नीज."